पिवळ्या दिव्याची जबानी

जयपुरातील बनी पार्क ही एके काळी ऐसपैस बंगल्यांची आणि निवांत रस्त्यांची वसाहत. परंतु एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला सिंधी कॅम्पचा बसअड्डा आणि पोटात जिल्ह्याचे कलेक्टोरेट अशी तीन गजबजलेली ठाणी तिच्या वाट्याला आल्यामुळे, कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास कलेक्टरी सर्कलपाशी मोटारींची जी रांग लागते, तीत अडकलेल्या माणसाला समोरच्या तबकड्या न्याहाळण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. त्या तबकड्यांच्या शेजारी एखाद्या दिवशी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागलेला दिसतो. मोटार नेहमीसारखी चालत असते, आवाज बदललेला नसतो, धूर दिसत नसतो. आणि म्हणूनच की काय, त्या दिव्याविषयी दोन परस्परविरोधी वृत्ती आपल्या समाजात रूढ झाल्या आहेत. एका वर्गाच्या मते तो हजारो रुपयांच्या खर्चाचा हुकूमनामा होय, आणि तो निमूटपणे शिरसावंद्य मानून गाडी कार्यशाळेच्या स्वाधीन करावी. दुसऱ्या वर्गाच्या मते ती वायरिंगची एक खोड होय, आणि बॅटरीची तार काढून पुन्हा लावली की तिचा बंदोबस्त होतो. माझ्या मते या दोन्ही वर्गांची गफलत एकच आहे. दिवा जे सांगतो ती एका साक्षीदाराची जबानी असते. ती नोंदवून घ्यावी, तपासावी आणि फैसला होईपर्यंत जपून ठेवावी, इतका साधा कायदा आपण गुन्ह्यांच्या बाबतीत पाळतो आणि मोटारीच्या बाबतीत विसरतो.

या दिव्याचा जन्म मोटारमालकाच्या सोयीसाठी झालेला नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. लॉस एंजेलिस शहरावर गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात डोळे चुरचुरविणारे जे धुके साचू लागले, त्याचे मूळ मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची जी क्रिया होते तीत आहे, असे आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. आणि त्यानंतर कॅलिफोर्निया राज्याने मोटारींच्या धुराड्यांवर जो अंकुश उत्तरोत्तर कठोर करीत नेला, त्याचा परिपाक म्हणून १९८८ च्या मॉडेलपासून अशी सक्ती आली की, गाडीने आपल्या प्रदूषणनियंत्रक यंत्रणेवर स्वतःच देखरेख ठेवावी आणि बिघाड होताच चालकास कळवावे. ही व्यवस्था सुधारलेल्या स्वरूपात १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत लागू झाली, युरोपात पेट्रोलच्या गाड्यांना २००१ च्या सुमारास. आणि आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून तिचा पहिला टप्पा व १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा बंधनकारक झाला. भारत स्टेज ४ ज्या तेरा शहरांत प्रथम अवतरले त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर अशी महाराष्ट्राची तीन शहरे होती आणि जयपूर नव्हते, ही गोष्ट येथील मित्रांना सांगितली असता ते सोलापूरचे नाव ऐकून चकित होतात. साऱ्या देशभर ते २०१७ साली पोचले, आणि पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० रोजी आपण एकदम सहाव्या पायरीवर आलो.

हा इतिहास आठवला म्हणजे दिव्याच्या रंगाचा अर्थ उलगडतो. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला असता गाडी तत्काळ कडेला घेऊन इंजिन बंद करावे लागते, कारण तेथे इंजिनाच्या प्राणाशीच गाठ असते; पिवळा दिवा मात्र प्रामुख्याने तुमच्या पाठीमागे स्कूटरवर बसलेल्या इसमाच्या फुप्फुसांविषयी बोलत असतो. त्या इसमाने स्वखुशीने त्याची दखल घ्यावी अशी कायद्याची अपेक्षा नाही. ती जबाबदारी तुमच्यावर आहे.

साक्षीदार म्हणून या यंत्रणेची रीत मोठी सावध आहे. इंजिनाचे नियंत्रण करणारा लहानसा संगणक पहिल्याच संशयाला दिवा पेटवीत नाही. बहुतेक दोषांच्या बाबतीत तो पहिल्या फेरीत, म्हणजे इंजिन सुरू करून बंद करेपर्यंतच्या एका खेपेत, केवळ मनात नोंद करतो आणि लागोपाठच्या दुसऱ्या फेरीत तोच दोष पुन्हा आढळला तरच दिवा लावतो. दोष नोंदविताना त्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या किती होत्या, पाण्याचे तपमान काय होते, गाडीचा वेग व इंजिनावरील भार किती होता, याचे एक टिपणही तो जतन करून ठेवतो; तपासाच्या दृष्टीने हे टिपण कोडच्या क्रमांकाइतकेच, किंबहुना त्याहूनही मोलाचे असते. पुढे लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर दिवा विझतो, परंतु दप्तरातील नोंद इंजिन चाळीस वेळा पुरते तापून थंड होईपर्यंत शाबूत राहते. म्हणून "आपोआप गेला" असे म्हणून जे निश्चिंत होतात, त्यांनी ती नोंद पुसली जाण्यापूर्वी वाचून घेतलेली बरी. एका प्रसंगी मात्र यंत्रणा सारी सावधगिरी सोडून देते. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडूनही इंधन पेटत नसेल आणि ते न जळलेले इंधन धुराड्यातील उत्प्रेरकात शिरून तेथे जळू लागले असेल, तर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा मुलामा दिलेली त्यातील चिनी मातीची जाळी वितळण्याइतकी तापू शकते. अशा वेळी दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागतो. लुकलुकणाऱ्या दिव्यावर घरी पोचण्याचा हट्ट धरू नये, वेग आणि भार कमी करून गाडी थांबवावी, याविषयी जाणत्यांत दुमत नाही.

आता जबानीच्या मजकुराकडे वळू. चालकाच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डखाली, सोळा टाचण्यांची एक खोबण असते. तीत स्कॅनर लावला म्हणजे एक अक्षर आणि चार आकडे यांनी बनलेला कोड मिळतो. 'पी' हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्स यांचे. त्यानंतर शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांना समान, आणि एक असेल तर बहुधा त्या त्या कंपनीचा खासगी. इथपर्यंत सारे स्वच्छ आहे, आणि येथूनच घोटाळ्याला प्रारंभ होतो. कारण कोड ज्या भागाचे नाव घेतो तोच भाग अपराधी, अशी समजूत लहान गॅरेजपासून वातानुकूलित कार्यशाळेपर्यंत सर्वत्र पसरलेली आहे. आमच्या गल्लीतील एका गृहस्थांच्या गाडीत पी-०१३५ हा कोड आला. त्याचा अर्थ इतकाच की, प्राणवायू मोजणाऱ्या पुढील सेन्सरला ऊब देणाऱ्या तारेच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. कार्यशाळेतील तरुणाने यंत्राच्या पडद्यावर एक दृष्टिक्षेप टाकला, "साहब, सेंसर गया" एवढे तीन शब्दांचे निदान सांगितले, आणि नवा सेन्सर बसवून बिल हाती दिले. काही दिवसांतच दिवा पुन्हा हजर झाला. शेवटी स्टेशनच्या बाजूच्या एका वयस्क मिस्त्रीने गाडीखाली शिरून, मल्टिमीटरची दोन टोके लावून पाहिली, तेव्हा सेन्सरकडे जाणारी तार उंदराने कुरतडलेली आढळली. जुना सेन्सर, जो तोपर्यंत भंगारात गेला होता, तो बहुधा ठणठणीत असावा. कोडने 'सर्किट' म्हटले होते. फ्यूज, तारा, जोड आणि सेन्सर ही सारीच त्या सर्किटात मोडतात, आणि त्यांतील सर्वांत महाग वस्तूपासून तपासाला आरंभ करण्याचे कारण तांत्रिक खचितच नव्हे.

बनी पार्कातून जाणारा हमरस्ता सवाई जयसिंहाच्या नावाचा आहे, आणि चांदपोल दरवाज्यातून आत शिरून त्रिपोलिया बाजाराच्या दिशेने गेले की त्याच जयसिंहाची वेधशाळा, जंतर मंतर, लागते. प्रवासी तेथे सम्राट यंत्राची सुमारे सत्तावीस मीटर उंची पाहून थक्क होतात. मला त्या राजाची शंकेखोर वृत्ती अधिक स्तुत्य वाटते. बादशहा मुहंमदशहाच्या नावे सिद्ध केलेल्या खगोलीय कोष्टकांच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांविषयीची नाराजी नमूद आहे: ती आकाराने लहान, त्यांचे आस झिजतात, केंद्रे ढळतात, प्रतले हलतात, आणि मग यंत्राचा दोष आकाशाच्या माथी मारला जातो. म्हणून त्याने दगडचुन्याची अचल यंत्रे उभारली. आणि एवढ्यावरही न विसंबता, एका स्थळीच्या वेधांची शहानिशा दुसऱ्या स्थळी व्हावी याकरिता दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी व उज्जयिनी अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधविल्या. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय पंडित होता, ज्याने टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. म्हणजे या शहाणपणात आपलाही अल्पसा वाटा आहे असे मानावयास हरकत नसावी. मापन करणारे साधन स्वतः झिजते, आणि एका साक्षीवर निकाल देऊ नये, हे दोन सिद्धांत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपुरात दगडात कोरून ठेवलेले असताना, त्याच शहरात आज एका सेन्सरच्या एका वाक्यावर माणसाच्या खिशाला कात्री लागावी, हे खेदजनक आहे.

वस्तुतः शहानिशा करणे पुष्कळदा फुकट असते. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकते आहे. पहिल्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवून गाडी थोडी फिरवावी. कोड बदलून पी-०३०२ झाला तर अपराधी कॉइलच, न बदलला तर स्पार्क प्लग, इंजेक्टर किंवा दाब यांच्याकडे वळावे. नवीन भाग एकही लागला नाही, आणि पुरावा मात्र निर्विवाद मिळाला. पी-०४२० हा कोड उत्प्रेरक निष्प्रभ झाल्याचे सांगतो, आणि नव्या उत्प्रेरकाची किंमत ऐकून सात्त्विक मनुष्यही हतबुद्ध होतो. परंतु धुराड्याच्या जोडातून हवा आत शिरत असली किंवा मागील सेन्सर भ्रमिष्ट झाला असला तरी तीच जबानी मिळते, आणि उत्प्रेरक खरोखरच मेला असेल तर त्याला कोणी मारले, तेल जाळणाऱ्या इंजिनाने की दीर्घकाळ दुर्लक्षिलेल्या चुकत्या ठिणगीने, याचा तलास लावल्याखेरीज नवा बसविणे म्हणजे त्यालाही त्याच मृत्यूच्या स्वाधीन करणे होय. परदेशी पुस्तकांत पहिला उपाय म्हणून पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करावयास सांगतात. अमेरिकेच्या नियमांनी टाकीतील बाष्पाच्या गळतीवरही पहारा ठेवावा लागतो म्हणून तेथे तो सल्ला योग्य, पण आपले नियम युरोपच्या वळणाचे असल्याने येथे त्याचा उपयोग सहसा होत नाही. उसनी विद्या अशी तपासून घ्यावी लागते.

सर्वांत बोधप्रद कोड पी-०१७१ हा होय: मिश्रणात हवा अधिक, इंधन कमी. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १४.७ पट हवा लागते. संगणक धुरातील प्राणवायूचा अंदाज घेऊन इंधनाचे माप सतत वरखाली करीत असतो, आणि ही दुरुस्ती साधारणतः वीस-पंचवीस टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेली की हात टेकून दिवा लावतो. आता या हिशेबात इथेनॉल आले आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले आणि दोन-तीन वर्षांत ते बहुतेक पंपांवर पोचले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असल्यामुळे या मिश्रणाला हवा सुमारे १३.५ पटच लागते, म्हणजे त्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. दहा टक्क्यांच्या मिश्रणावरून वीसवर येताना हा फरक चारेक टक्क्यांचाच पडतो, आणि धडधाकट गाडी तो सहज पचविते. परंतु ज्या गाडीची रबरी नळी चिरलेली, हवा मोजणारा सेन्सर वैशाख-ज्येष्ठातील आंधीच्या धुळीने माखलेला, किंवा इंधनपंप थकलेला असून जी आधीच मर्यादेच्या काठावर उभी आहे, तिला एवढा धक्का पुरेसा होतो. मग मालक इथेनॉलला शिव्या देतो, मेकॅनिक सेन्सर बदलतो, आणि चिरलेली नळी जागच्या जागी राहते. ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्रात इथेनॉलविषयी जो अभिनिवेश दोन्ही बाजूंनी दिसतो, त्याला एखादे दुरुस्तीच्या टक्केवारीचे टिपण दाखविले तर तो बराच शमेल असे वाटते. डिझेलच्या नव्या गाड्यांचे दुखणे निराळे. त्यांच्या धुराड्यातील काजळीची गाळणी स्वच्छ होण्यास सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि जी गाडी घर ते कचेरी आणि कचेरी ते चांदपोल एवढीच फिरते तिला ती कधी मिळतच नाही; गाळणीचा दिवा लागताच अजमेरच्या रस्त्याला लागून काही वेळ एकसारख्या वेगाने जाऊन यावे, म्हणजे पिवळ्या दिव्यापर्यंत प्रकरण जात नाही.

एवढे ज्ञान मालकाला असावे काय, असे कोणी विचारील. नसले तरी चालेल. पण दप्तर पाहण्याचा त्याचा हक्क निर्विवाद आहे, आणि त्या हक्काचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. एका नागरिकाच्या अर्जावरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी की सुटे भाग आणि निदानाची साधने त्यांनी स्वतंत्र गॅरेजवाल्यांपासून दूर ठेवली होती. पुढे अपिलांच्या फेऱ्यांत दंडाचे काय व्हायचे ते होवो. आयोगाने मांडलेले तत्त्व मला ग्राह्य वाटते. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली तेव्हा तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. तरीही आज बिलावर भागाचे नाव आणि किंमत असते, कोड नसतो, टिपण तर नसतेच. आणि "दिवा घालवला" या शब्दांत नोंद पुसून टाकल्याची कबुली अभिमानाने दिली जाते. तपास पुरा होण्यापूर्वी जबानी नष्ट करणे हे अन्यत्र कोणत्या सदरात मोडते, ते कलेक्टोरेटच्या आवारात बसणारा कोणताही अर्जनवीस सांगू शकेल. शिवाय कोड पुसताना संगणकाने स्वतःच्या परीक्षांचे जे निकाल जमा केलेले असतात तेही पुसले जातात; जुनी गाडी विकत घेणाऱ्याने स्कॅनरवर या परीक्षा अपूर्ण दिसल्या तर कालपरवाच कोणीतरी पाटी कोरी केली आहे असे समजावे, आणि चावी फिरविल्यावर इंजिन सुरू होण्यापूर्वी हा दिवा क्षणभरही लागत नसेल तर तो कोणी मुद्दाम निकामी केला आहे काय हे विचारावे.

सरकारचा दोष याहून गंभीर आहे. गाडीत हा पहारेकरी बसविण्याची सक्ती सरकारनेच केली, आणि पीयूसीचा दाखला देताना त्याला एक प्रश्नही विचारला जात नाही. पेट्रोलच्या आधुनिक गाडीच्या धुराड्यात नळी घालून, इंजिन जागच्या जागी फिरत असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दशलक्षांत २०० या मर्यादांत आहेत की नाहीत हे मुख्यतः पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत, आणि चढावर भार पडला असताना चुकणारी ठिणगी तेथे दिसण्याचा संभव नाही. पिवळा दिवा ढळढळीत पेटलेली गाडी वर्षभराचा दाखला घेऊन राजरोस बाहेर पडते. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून उलट मार्ग धरला: २००० सालच्या व त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांच्या धुराड्यात नळी घालणे सोडून तेथे थेट या खोबणीतून दप्तर वाचतात, आणि दप्तर नुकतेच पुसलेले आढळले तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. आपल्या केंद्रांवर संगणक आहेच. त्याला एक वायर जोडण्यास फार मोठी विद्या लागते असे नाही. दिवा लागलेल्या गाडीचा दाखला एकदम रोखू नये, कारण टॅक्सीवर पोट असलेल्या माणसाला ते परवडणार नाही. कोड दाखल्यावर छापावा आणि दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी, म्हणजे पुरे.

कार्यशाळांनीही वाचनाचे आणि तपासाचे दाम उघडपणे वेगळे आकारावे, अशी माझी सूचना आहे. आज ग्राहक निदानाला पैसे देऊ इच्छीत नाही, म्हणून मेकॅनिक ते पैसे सुट्या भागातून वसूल करतो, आणि जो निष्कारण भाग बदलत नाही त्या प्रामाणिक मिस्त्रीची मजुरी बुडते. हा व्यवहार दोघांनीही सुधारावयास हवा. कोडचा क्रमांक, नोंद झाली त्या वेळची इंजिनाची स्थिती, केलेली चाचणी आणि मग बदललेला भाग, अशा क्रमाने चार ओळी पावतीवर लिहावयास मेकॅनिकला जितका वेळ लागेल, त्याहून कितीतरी अधिक वेळ तो दिवा पुन्हा लागल्यावर परत आलेल्या ग्राहकाची समजूत घालण्यात आज खर्ची पडतो आहे.